माहुलचं इंजिन, मालाडची जीप

१५ जून, रविवार
ठरलं. जीपमध्ये जुनं डिझेल इंजिन बसवायचं. नवीन इंजिन म्हणजे सेन्सर, वायरी आणि डोक्याला ताप. जुन्या डिझेलमध्ये बिघडण्यासारखं काही नसतंच. चार व्हिडिओ बघून हे सांगतोय. साडेतीन. चौथ्याच्या मध्येच घुबड पाळणाऱ्या माणसाचा व्हिडिओ आला. घुबड मान किती फिरवतं यार!
जीप मालाडहून आणलेली, एका सिरियलवाल्याकडून. तिथे ती पोलिसांची जीप म्हणून नुसती उभी असायची. बॉनेट उघडलं की आत काहीच नाही. लोक ह्याला खोट म्हणतात. मी म्हणतो, जागा तयार आहे.
उद्यापासून रोज सहाला उठणे.

१६ जून, सकाळी १०.४०
उठलो.

२२ जून, रविवार
घरी जाहीर केलं. गावच्या घरच्या गणपतीची यंदा पाळी आमची. म्हणजे पूजा बाबांनी करायची, गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटवी बाबांनी बांधायची. बाबा पोचले नाहीत तर गणपती बसायचा कसा, ह्या काळजीने आई आत्तापासून बारीक झालीय. २५ तारखेला सकाळी आठला रेल्वेचं बुकिंग उघडतं आणि दोन मिनिटांत संपतं. मी म्हटलं, तिकीट काढूच नका. यंदा आपण आपल्या गाडीने. दारातून बसायचं, थेट अंगणात उतरायचं.
बाबा म्हणाले, "इंजिन आसा?"
म्हटलं, ते होईल.
"बरां," म्हणाले. पटलं त्यांना. बाबा जास्त बोलत नाहीत, पण पटलं की कळतं. निधी हसली. ती धाकटी बहीण आहे, तिचं कामच ते.

२५ जून, सकाळी ८.०५
आरडाओरड्याने जाग आली. बाबा आणि निधी एका फोनवर डोकं घालून बसलेले. आठ वाजून दोन मिनिटांनी निधी किंचाळली, "झाली! झाली! कन्फर्म!" आईने देवापुढे साखर ठेवली. कॉलेजचं काहीतरी असेल. बरं झालं, पोरगी मार्गाला लागली.
बाकी आज आमची अख्खी भटवाडी तिकिटासाठी फोनवर अंगठे आपटत होती. आमच्याच घरात टेन्शन नाही. ह्याला प्लॅनिंग म्हणतात. परत झोपलो.

२ जुलै
गावी अनंतकाकांना फोन केला. अंगणाभोवती दगडांचा गडगा आहे, नुसते दगडावर दगड रचलेला, आजोबांच्या वेळचा. म्हटलं काका, जीप आत यायला वाट करून ठेवा. दहा फूट पाडा. काका म्हणाले, "धा फूट? गाडी घेवन येतंस काय जहाज?" जीप साडेपाच फुटांचीच आहे. पण टर्निंग लागतं. मोठा विचार केला की लोक हसतातच.

५ जुलै
माणिकमामांच्या गॅरेजला गेलो. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा. ते म्हणाले, "आधी जागेचं माप घे. मग इंजिन बघ. आणि गिअरबॉक्स, रेडिएटर, सगळं इंजिनाबरोबरचंच आण. नुसता गोळा उचलून आणू नकोस."
आईची शिलाईची टेप घेऊन माप घेतलं. लिहून ठेवलं. त्याच कागदात संध्याकाळी शेंगदाणे खाल्ले बहुतेक.

६ जुलै
इंजिन बघायला कुर्ल्याला गेलो. हॉर्न घेतला. सहा धून आहेत, एक मोराची.
बाबांना इंजिनाबद्दल विचारावं का? तीस वर्षं विक्रोळीच्या कारखान्यात फिटर होते. पण ते जुन्या पद्धतीचे. डिझेल त्यांना झेपायचं नाही.

१२ जुलै, शनिवार
मिळालं!!! माहुलला! किरणदादा म्हणून मासेमारीवाले आहेत, त्यांच्या बोटीचं. बोटीला नवीन बसवलं, हे शेडमध्ये पडून होतं. हँडल मारलं तर पहिल्या फटक्यात डुग डुग डुग. आवाज असा की पोटातला वडापाव हलला.
अदलाबदल केली. इंजिन मला, माझी बाईक त्यांना. किरणदादा दोनदा म्हणाले, "बाईक देतोस? घरी विचारलंस का रे?" म्हटलं, जीप येतेय, बाईक कशाला? मग पाण्याबद्दल काहीतरी सांगत होते. तेव्हा समोर चिखलात एक बगळा खेकड्याशी भांडत होता. खेकडा जिंकला. मी दादांना हो हो म्हटलं.

१३ जुलै
मामांनी इंजिनाभोवती दोन चकरा मारल्या. म्हणाले, "ह्याला रेडिएटर कुठाय?"
नाहीये.
"नसणारच. हे एका नळीने समुद्र ओढतं, गार होतं आणि दुसऱ्या नळीने समुद्र बाहेर सोडतं. जीपच्या मागे समुद्र बांधणार का तू?"
गॅरेजातली सगळी हसली. मी पाच मिनिटांत उत्तर काढलं. ड्रम! दोनशे लिटरचा निळा ड्रम मागच्या सीटवर. तेच पाणी फिरत राहील. गरम झालं की कुठेही थांबून आंघोळ.
बसायची व्यवस्था: मी आणि बाबा पुढे. आई ड्रमच्या डावीकडे. निधी ड्रमवर.

१४ जुलै
निधी नाही म्हणते.

२१ जुलै
चार दिवस बोरिवलीला साप पकडायचा कोर्स केला. कामाशी संबंध आहे. घाटात जीपसमोर साप आला तर? पाचव्या दिवशी खरा साप होता, त्यामुळे गेलो नाही.
आई म्हणते बाईक दिसत नाही. सर्व्हिसिंगला आहे म्हटलं.

२ ऑगस्ट
अंधेरीला एमआयडीसीत. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडायला मध्ये लोखंडी प्लेट लागते, ती लेथवर करून घेतली. भोकं पाच. घरी येऊन बघतो तर इंजिनाला बोल्ट सहा. पाच बसतात. बहुमत आहे.

९ ऑगस्ट, शनिवार
ऐतिहासिक दिवस. चेनब्लॉकने इंजिन जीपमध्ये उतरवलं. माणिकमामांनी रात्रंदिवस... म्हणजे दोन दुपारी खपून बसवलं, सहावं भोक पण पाडलं. इंजिनाचं सगळं वजन पुढे आलं आणि जीपने वाकून नमस्कार केला. पुढून खाली, मागून वर. उतरणीवर उभी असल्यासारखी.
मामा म्हणाले, "पुढच्या स्प्रिंगच्या पाट्या मी आल्यावर बघतो. पाच दिवस नाशिकला चाललोय, बहिणीकडे. तोपर्यंत रंग लाव, पुसून ठेव, काय ते कर. खाली घुसू नकोस."

११ ऑगस्ट
काल रंग लावला. दारावरचं 'पोलीस' खालून परत वर आलं. कंटाळा आला. नुसतं बसून कसं चालेल? तेरा दिवस राहिले.
पुढचं वर येत नाही तर मागचं खाली घ्यायचं. सोपं आहे. मागच्या दोन चाकांमधला लोखंडी ॲक्सल खोलला, पाटीच्या खाली होता तो वर घेतला. बसेना. मग ॲक्सल उताणा केला, तर काय फिट बसला! दोन बोल्ट उरले. कंपनीवाले उगाच जास्त देतात. जीप आता सपाट. झकास.
मामांना सांगायची गरज नाही. सरप्राइज.

१२ ऑगस्ट
सोसायटीच्या सेक्रेटरी वनमालाकाकूंची नोटीस. गणपतीचा मंडप घालायचाय, २० तारखेच्या आत जीप हलवा, नाहीतर भंगारवाल्याला बोलवू. म्हटलं काकू, २० ला ही जीप स्वतःच्या पायांनी जाईल. काकू म्हणाल्या, "तू आधी स्वतःच्या पायांनी जात जा कामाला."

१९ ऑगस्ट, मंगळवार
ट्रायल. अख्खी सोसायटी खिडक्यांत. बाबाही खाली आले, हात मागे बांधून कंपाऊंडला टेकून उभे. ड्रम भरला. हँडल मारलं. डुग डुग डुग! काळा धूर थेट काकूंच्या गॅलरीत, तिथे पांढऱ्या चादरी. ते सोडा. चाललं! मोराची धून वाजवली. पहिला गिअर टाकला.
जीप मागे गेली.
चुकून रिव्हर्स पडला असेल म्हणून दुसरा टाकला. जास्त जोरात मागे गेली. तिसरा टाकायच्या आत मंडपाचे बांबू आले. तीन पडले. ड्रम उलटला. काकूंनी वरून माझं पूर्ण नाव घेऊन हाक मारली, वडिलांच्या नावासकट.
मग मुद्दाम रिव्हर्स टाकला. जीप पुढे गेली.
नाशिकहून परतलेले माणिकमामा जीपखाली घुसले. बाहेर आले, टायरवर बसले आणि खोकला लागेपर्यंत हसले. "ॲक्सल उलटा कुणी लावला रे? चाकं उलटी फिरतायत!"
म्हटलं, बघावं लागेल कुणी ते.
मामा म्हणाले क्लचही जळलाय, आता गणपतीनंतरच. बाबा वर निघून गेले.

२० ऑगस्ट
हिशोब केला. रिव्हर्स गिअरमध्ये जीप पुढे जाते. क्लच असता तर ताशी नऊ किलोमीटर. गाव साडेचारशे. म्हणजे पन्नास तास. आज निघालो तर पोचतो. अशक्य नाही काही.
दुपारी जीप ढकलत गॅरेजला नेली. काकूंनीही धक्का दिला, आनंदाने.

२१ ऑगस्ट
आईने गावी न्यायच्या पिशव्या भरल्या. आरतीच्या झांजा, समया, बाबांचं सोवळं. त्या बघवत नाहीत. बाबांना आज सांगतो.
नको. उद्या.

२२ ऑगस्ट
एसटी फुल. खासगी बस फुल. एका टेम्पोवाल्याला विचारलं, तो म्हणाला कोंबड्यांबरोबर बसाल का. आईला विचारावं का? नको.
बाबांना उद्या नक्की.

२३ ऑगस्ट, शनिवार
सांगितलं. सगळं. ॲक्सल, बाईक, कोंबड्या. म्हटलं बाबा, माझ्यामुळे यंदा आपला गणपती...
बाबा उठले, कॅलेंडरच्या मागून कागद काढला. उद्याच्या गाडीची तिकिटं. कन्फर्म. काढलेली तारीख २५ जून, सकाळी ८.०२. निधी तोंड दाबून आत पळाली. नावं चार होती. चौथं माझं.
बाबा म्हणाले, "तू गाडी कर, माझा काय म्हणणा नाय. पण गणपतीक वाट बघूक लावतंत काय?"
म्हणजे बुकिंग उघडलं त्याच सकाळी. मी तर तेव्हा आमच्याच घरात टेन्शन नाही असं लिहून परत झोपलो होतो. दोन महिने ते रोज सकाळी विचारायचे, "खंयपर्यंत इला इंजिन?" आणि मी सांगायचो. आणि ते ऐकायचे.

२५ ऑगस्ट, गाव
स्टेशनवरून रिक्षा, पुढे चालत. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, गळ्यात झांजा. अनंतकाका अंगणात उभे. गडगा दहा फूट पाडलेला, अगदी मोजून. त्या वाटेने परवा शेजाऱ्यांची गाय आत आली आणि माटवीला बांधायच्या काकड्या, दोडकी, जास्वंदीच्या कळ्या, सगळं खाऊन गेली.
काका म्हणाले, "गाडी येवक नाय, गाय मात्र इली."

२७ ऑगस्ट, चतुर्थी
गणपती बसला. बाबांनी पूजा केली. माटवीला काकड्या बाजारातल्या.

२९ ऑगस्ट
गडगा परत रचायचं काम माझ्याकडे. दोन दिवसांत चार फूट झाला. तसं सोपं आहे, गडग्यात बिघडण्यासारखं काही नसतंच. बाबा शेजारी बसून दगड निवडून देतात. दुपारी एक मोठा दगड मी जोर लावून बसवला आणि पुढचा आणायला गेलो. परत आलो तर बाबांनी तो काढून सुलटा लावला होता. पुढचा दगड हातात दिला तो मात्र कुठली बाजू वर, ते खडूने लिहून.