आमच्या कोपऱ्याची सुधारणा

४ ऑक्टोबर, सकाळ

आजपासून नोंदी ठेवणार. कोणी वाचावं म्हणून नाही, काम शिस्तीत व्हावं म्हणून.

वस्ती समितीच्या अध्यक्ष, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या सुनिल्दाबाई, काल दुकानात येऊन गेल्या. समितीने ठरवलंय की प्रत्येक दुकानदाराने आपल्यापुढची मोकळी जागा लोकांना बसण्यासारखी करायची. सिमेंट आणि रंग समिती देणार. जागा सुधारली की माणसं थांबतात, माणसं थांबली की दुकानं चालतात, असं त्यांना कुठल्याशा शिबिरात सांगितलंय. मला ते शिबिराशिवाय माहीत होतं.

माझ्या दुकानापुढे तिकोनी जागा आहे. मी पंखे, इस्त्र्या, फ्रिज दुरुस्त करतो. कॉलेजात गेलो नाही. कॉलेजात गेलेल्यांचे फ्रिज माझ्याकडे येतात.

सध्या अख्खी वस्ती संध्याकाळी रस्त्यापलीकडे बसते, न्या पेत्रोनाच्या, म्हणजे पेत्रोनाबाईंच्या, टपरीपाशी. म्हातारी उखळात पाला आणि मुळ्या कुटून देते, तो थंड पाण्यात टाकायचा, ते पाणी पेल्यातल्या चहासारख्या पाल्यावर ओतायचं आणि नळीने तेरेरे प्यायचं. शिंगाचा एकच पेला, एकच नळी, सगळ्यांत गोल फिरणार. तिथली फरशी उखडलेली. जमिनीला उतार. खुर्च्या ज्याच्या त्याने घरून आणायच्या. डेल्मिरासुद्धा रोज आपली वायरने विणलेली खुर्ची उचलते आणि पलीकडे जाते. बावीस वर्षं माझी बायको आहे आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या कोपऱ्यावर.

संकल्प: ख्रिसमसच्या आत संध्याकाळची बैठक आपल्या कोपऱ्यावर. डेल्मिराच्या खुर्चीसकट.

तिला सांगितलं. म्हणाली, आधी बांध तर.

११ ऑक्टोबर

आराखडा पूर्ण. सिमेंटची दोन बाकडी, एका रेषेत, तोंड रस्त्याकडे. उंची पंचेचाळीस सेंटीमीटर. गुडघ्यांची सरासरी काढून ठरवली. त्यासाठी माझा, डेल्मिराचा आणि निवृत्त बस ड्रायव्हर क्रिस्पिनचा गुडघा घेतला. क्रिस्पिनला गुडघ्याला गुदगुल्या होतात. मापात थोडा फरक पडला असेल.

त्याने नेहमीच्या आदराने विचारलं, डॉन फर्मिन, असं ओळीत बसून माणसाने बोलायचं कुणाशी? म्हटलं, शेजारच्याशी. म्हणाला, आणि शेजारच्याबद्दल बोलायचं असलं तर?

प्रश्न तांत्रिक नव्हता. टेप गुंडाळली.

डेल्मिरा आराखडा बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, बस स्टॉप झकास आहे. तिला रेघांमधलं कळत नाही, पण झकास म्हणाली.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळ

उद्घाटन. सुनिल्दाबाईंनी फीत कापली. डेल्मिराने चिपा, म्हणजे चीज घातलेले पाव, भाजले होते. गर्दी चांगली. सगळे उभे राहिले. पाव संपले तसे सगळे पलीकडे बसायला गेले. डेल्मिरा रिकामी टोपली घेऊन त्यांच्या मागून गेली. टोपली न्या पेत्रोनाची होती, परत करायला हवीच.

कारण उघड आहे. सिमेंट नवं आहे. कपड्यांना लागेल असं लोकांना वाटतं. दोन आठवडे द्यावेत.

बाकड्यांना पाणी मारलं. कोपरे तपासले. काटकोनात आहेत.

५ नोव्हेंबर

उत्तरेचा गरम वारा सुटलाय. या वाऱ्यात असुन्सिओनमध्ये कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. त्यामुळे बाकडी रिकामी. (पलीकडची बैठक भरलेली होती. तिथे भिंतीचा आडोसा आहे.)

एक जोडपं मात्र आलं. मुलीने चपला काढून पाय वर घेतले. मी जाऊन समजावून सांगितलं की हा रंग पक्का व्हायला सहा आठवडे लागतात. शिवाय पाठ टेकताना कंबर पूर्ण मागे घ्यावी, कोन त्यासाठीच दिलाय. दोघांनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांना एकदम बस पकडायची आठवण झाली. या रस्त्याने बस जात नाही. हल्लीच्या पोरांना मार्गही माहीत नसतात.

डेल्मिरा संध्याकाळी विचारत होती की तू त्यांना काय बोललास. म्हटलं, माहिती दिली. ती हं म्हणाली आणि खुर्ची उचलली.

१४ नोव्हेंबर

दोष सापडला. बाकड्यांत नाही, तेरेरेत आहे.

पद्धत बघा. एक जण पेला भरणार. एक जण पिणार. बाकीचे बघत बसणार. पेला भरणाऱ्याकडे परत येणार, मग दुसऱ्याची पाळी. नोव्हेंबरच्या उन्हाळ्यात, चाळीस डिग्रीत, धडधाकट माणूस दुसऱ्याच्या ओठांकडे बघत बसतो. त्यात सगळ्यांची एकच नळी. आपल्या बापजाद्यांनी याचा कधी विचारच केलेला नाही.

उपाय: थंड पाण्याचा सार्वजनिक नळ. दुकानात एक फ्रिज बेवारस पडलाय, त्याचा कॉम्प्रेसर उत्तम आहे. पायाने दाबायचा पेडल, हात लावायला नको. पत्र्याचे पेले, प्रत्येकावर नंबर. जो तो आपापला भरणार, आपापला पिणार. कुणाला कुणासाठी थांबायला नको.

डेल्मिराला समजावलं. तिने विचारलं, मी पीत असताना बाकीचे काय करणार? म्हटलं, तेही पिणार. म्हणाली, सगळे एकदम? म्हटलं, हीच तर सुधारणा.

तिने माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे पटलं.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळ

नळ चालू. पाणी सहा डिग्री, तीनदा मोजलं.

रांग लागली. रांग. आमच्या कोपऱ्यावर. लोक थर्मास घेऊन आले, थर्मास भरले आणि पलीकडे जाऊन बसले. डेल्मिरा दोन थर्मास घेऊन आली, एक न्या पेत्रोनाचा.

क्रिस्पिन म्हणाला, डॉन फर्मिन, असं पाणी स्वर्गातसुद्धा मिळायचं नाही. म्हटलं, स्वर्गातलं तापमान कुणी मोजलेलं नाही. तो म्हणाला, तुम्ही गेलात की कळेलच. आणि गेला.

पहिला टप्पा यशस्वी. लोकांना कोपऱ्यावर यायची सवय लागली. दुसऱ्या टप्प्यात थांबायची लागेल. नंबराच्या पेल्यांना अजून कुणी हात लावलेला नाही. नवी वस्तू वापरायला लोक लाजतात.

८ डिसेंबर

कुमारी मातेच्या सणाला वस्ती चालत काकुपेच्या चर्चला गेली. डेल्मिराही. मी कोपरा सांभाळला. कोणी आलं नाही. पाणी सहा डिग्रीच होतं.

९ डिसेंबर

डेल्मिरा आणि न्या पेत्रोना परत आल्या, पायांना फोड. दोघी टपरीपुढे एकाच परातीत पाय बुडवून बसल्या आणि कशावर तरी हसत होत्या. रस्त्यापलीकडून नीट ऐकू येत नाही. विचारलं तर म्हणाली, तिथे असतास तर कळलं असतं.

१५ डिसेंबर

पेले नाहीसे झाले. सापडले. न्या पेत्रोनाने त्यांत लिंबू आणि पुदिन्याच्या काड्या ठेवल्यात. म्हणाली, बाळ, रिकामे पडले होते, वाईट वाटलं. मी पन्नाशीचा आहे. ती मला बाळ म्हणते.

सौम्यपणा पुरे झाला. फळी रंगवून लावली: पाणी इथेच बसून प्यावे, थर्मास भरण्यास सक्त मनाई. अक्षरं पट्टीने आखून काढली.

१६ डिसेंबर

रांग लागली नाही. लोकांनी नाक्यावरून बर्फ आणला. डेल्मिराने घरच्या फ्रिजमधले बर्फाचे ट्रे नेले. दोन्ही. जाताना फळी वाचली आणि म्हणाली, अक्षर सुंदर आहे.

१७ डिसेंबर

तांत्रिक कारणाने फळी काढली. लाकूड ओलं होतं.

रांग परत आली. मला बरं किंवा वाईट असं काही वाटलं नाही. कॉम्प्रेसरचा आवाज चांगला येतोय.

२४ डिसेंबर, संध्याकाळ

ख्रिसमसच्या आतची मुदत आज संपते. तपशिलात पाहिलं तर बैठक आपल्या कोपऱ्यावर अंशतः आलेली आहे. पाणी भरण्यापुरती.

पलीकडे टेबलं लावलीत. वाइनमध्ये फळं चिरून टाकलीत, कलिंगडाचा वास इकडपर्यंत येतो. डेल्मिराने मक्याची वडी भाजून नेली. माझ्यासाठी एक तुकडा ताटात झाकून ठेवला, कडेचा, मला कडेचा आवडतो.

मी बाकड्यावर बसलो. कुणीतरी बसून दाखवायला हवं. कंबर मागे घेतली. बरोबर बसलं की इथून पलीकडचा कोपरा अगदी पूर्ण दिसतो. प्रत्येकाचा चेहरा. दिशा अचूक साधलीय.

७ जानेवारी

सुनिल्दाबाई आल्या. आधी नळाचं फार कौतुक केलं. अख्ख्या समितीत फर्मिनइतकं काम कुणी केलं नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, उन्हात म्हाताऱ्यांना थर्मास घेऊन रस्ता ओलांडावा लागतो. परवा क्रिस्पिन मोटरसायकलखाली जाता जाता वाचला. तर नळच पलीकडे नेला तर?

मी विचार केला. म्हणजे योजनेची दुसरी शाखा. इतक्या लवकर शाखा निघेल असं मलाही वाटलं नव्हतं.

एक अट घातली: देखभाल मीच करणार, दर आठवड्याला, दुसऱ्या कुणी पेचकससुद्धा लावायचा नाही. त्या म्हणाल्या, अरे, मग तर सोन्याहून पिवळं, तू दर आठवड्याला येशील तरी. मंजूर.

९ जानेवारी

नळ गेला. चार जणांनी उचलून नेला. क्रिस्पिन सूचना देत होता, जशी काही बस मागे घ्यायचीय. आमच्या कोपऱ्यावर बोल्टची चार भोकं राहिली. सिमेंटने बुजवली. पातळी तपासली. समपातळीत आहेत.

१२ जानेवारी

दुकानात कामं वाढलीत. या आठवड्यात सहा पंखे, तीन इस्त्र्या, एक मिक्सर. शिबिरातलं खरं निघालं: जागा सुधारली की दुकानं चालतात. बाकड्यांचा परिणाम दिसायला वेळ लागला इतकंच.

मात्र गिऱ्हाईक दुकानात येत नाही. लोक बिघडलेलं सामान संध्याकाळी पलीकडे डेल्मिराजवळ देतात. ती काय बिघडलंय ते विचारून घेते आणि घरी घेऊन येते. दुरुस्त झालं की तीच परत नेते. सोयीचं आहे.

क्रिस्पिनला विचारलं की लोक सरळ माझ्याकडे का येत नाहीत. तो साधा माणूस, त्याला लपवता येत नाही. म्हणाला, डेल्मिराच सांगते सगळ्यांना, माझ्या नवऱ्यासारखा कारागीर या शहरात नाही, फक्त वस्तू माझ्याकडे द्या, नाहीतर तो तुम्हाला ती वापरायची कशी ते शिकवेल.

वाक्याचा पहिला भाग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

रात्री मिक्सर उघडला. मोटरचे कार्बन ब्रश झिजले होते.

१९ जानेवारी, संध्याकाळ

दुसऱ्या शाखेची पहिली देखभाल. इस्त्रीचा शर्ट घातला, पेटी घेतली, पलीकडे गेलो.

पाणी सहा डिग्री. पेडल ठीक. वॉशर ठीक. फिल्टर काढून हातात घेतला.

क्रिस्पिनच्या मेहुण्याच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मी आलो म्हणून थांबलं नाही. मला वाटलं होतं थांबेल. पेला भरायचं काम आज डेल्मिराकडे होतं. मला माहीत नव्हतं की ती ते करते. पाणी थोडं थोडं घालते, एका बाजूने, पाला बुडू देत नाही. चांगलं करते.

मेहुण्याची गोष्ट न थांबवता क्रिस्पिनने आपली खुर्ची एकीकडे ओढली. न्या पेत्रोनाने पाय आत घेतले. मध्ये जागा झाली. डेल्मिराने पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाली, बस ना फर्मिन.

कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. वर्तुळ साधारण अंडाकृती होतं. पेला तिच्या हातात तसाच होता आणि त्यावरून पाणी ठिबकत होतं.

म्हटलं, फिल्टर घरी नेऊन धुवायला हवा.

ती म्हणाली, बरं. पेला क्रिस्पिनला दिला.

घरी येऊन फिल्टर धुतला. स्वच्छच होता.