तुम्ही न पाहिलेला वर्ग

गुरुजी, आज माझ्या वर्गात एका मुलीचे वडील येऊन बसले. ट्रॅक्टर दुरुस्त करणारे, पगडीवाले, खेड्यातले. दारातच जोडे काढून म्हणाले, "सर जी, पीछे बैठ जाऊँ? कॉलेज कभी अंदर से नहीं देखा." मुलगी कुजबुजली, "पापा, चलो ना यार!" मी त्यांना बसवलं. तासभर ते हात जोडून ऐकत होते आणि मला फळ्याकडून मागे वळवेना.

अमृतसरहून परतताना मुद्दाम वाट वाकडी करून तुम्ही एक दिवस चंडीगडला आमच्याकडे आलात, त्याला आता चौदा वर्षं झाली. अजून दिसतं, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभे आहात आणि म्हणताय, "आज तुझा एक तास मागच्या बाकावर बसून ऐकतो की. माझं पोरगं विद्यापीठात शिकवतंय, बघू तरी." गावात मी 'विद्यापीठ' एवढंच सांगितलं होतं. माझी नोकरी मोहालीपलीकडच्या शाखेत, लग्नाचा हॉल आणि टाइल्सचं गोदाम यांच्यामधल्या भाड्याच्या इमारतीत, हे कधी बोललोच नव्हतो. "आज सुट्टी आहे, गुरुजी," मी म्हणालो. मग गॅलरीत जाऊन फोन केला आणि रजा टाकली.

तुम्हाला मुख्य आवारात नेलं. तिथला गणित विभाग माझाच असल्यासारखा दाखवला. सुट्टी म्हणावी, तर मुलांची नुसती ये-जा चाललेली. तुम्ही पायरीला हात लावून नमस्कार केलात. चौकीदारानं हटकलं, "किससे मिलना है जी?" तुम्ही ताठ होऊन सांगितलंत, "हमारा विद्यार्थी है. इधरच प्रोफेसर है." तो माझ्याकडे बघत म्हणाला, "अच्छा जी? पहले तो कभी देखा नहीं." मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

संध्याकाळी स्टेशनवर गाडीच्या खिडकीतून तुम्ही विचारलंत, "तुझा खरा वर्ग इथनं किती लांब आहे रे?" आवाजात राग नव्हता. शाळेत खोटं बोललं की हात पुढे करायला लावायचात, ते बरं होतं. मी म्हणालो, "पाणी घेऊन येतो," आणि स्टॉलवर गेलो. बाटली लगेच मिळाली. ती धरून गाडी हलेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. रोज सकाळी पूजेला बसलो की आईवडिलांच्या मागोमाग तुमचं नाव घेतो. पण गाडी दिसेनाशी झाली तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे देवापुढेही अजून बोललेलो नाही.