एकविसावी पायरी

२ मार्च, रविवार
वरच्या आणि खालच्या गल्लीमधल्या दगडी जिन्याला फुटक्या टाइल्सची नक्षी करायचं ठरलं. एकेका घराला एक पायरी. कामाचा प्रमुख मी. कोणी नेमलं नाही, पण बादल्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे, म्हणजे पद ओघानेच आलं. बायको म्हणाली, आधी किल्ली हरवू नका.
संकल्प: रोज सकाळी सहाला साइटवर.

३ मार्च, सकाळी साडेनऊ
आत्ताच उठलो. पहिल्या दिवशी घाई बरी नव्हे. उद्यापासून नक्की.

९ मार्च, रविवार
शिलाईवाल्या मावशींनी नवऱ्याचा चहाचा निळा कप टॉवेलात गुंडाळला आणि स्वतःच हातोडीने फोडला. एकविसाव्या पायरीत बसवायला. ते जाऊन दोन वर्षं झाली. फरशीवाल्या मिस्त्रीने एकेक तुकडा जुळवून लावला. हा माणूस सगळे रविवार फुकट राबतोय. मावशी म्हणाल्या, आता येता-जाता भेट होईल. मला भरून आलं. देखरेख नीट झाली पाहिजे.

१६ मार्च, रविवार
टाइल्सच्या फटी सिमेंटने भरायचा दिवस. शेवटची राहिली एकविसावी. मिस्त्रीच्या मुलीला ताप, म्हणून ती पायरी भरून तो अकराला घरी गेला. जाताना तीनदा बजावलं: वर पसरलेलं सिमेंट अर्ध्या तासात ओल्या स्पंजाने पुसा, नाहीतर दगड होईल. मी म्हटलं, मला शिकवता होय? अर्धा तास हाताशी होता, सावलीत जरा टेकलो.
दुपारी तीन: दगड झाला.

१७ मार्च
कप दिसतच नाही. सगळी पायरी राखाडी. आमच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, मिस्त्रीने घाईत वाट लावली. मी फक्त मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. जेवण मात्र गेलं नाही.

१८ मार्च
डॉक्टरांच्या शिफारशीने शाळेच्या भिंतीचं काम मिस्त्रीला मिळायचं होतं. डॉक्टरांनी ते थांबवलं. अरे देवा. उद्या जाऊन सगळं सांगतो. आज त्यांच्याकडे गर्दी असते.

१९ मार्च
गेलो. त्यांना वाटलं, दाढ दाखवायला आलोय. खुर्चीत बसवलं. आऽ केलेल्या तोंडाने माणूस कबुली कशी देणार? एक दाढ खरंच किडलेली निघाली. चक्कर अगदीच वाया गेली नाही.

२१ मार्च
हल्ली जिन्याने जात नाही, लांबच्या रस्त्याने जातो. चालणं तब्येतीला चांगलं. बायको म्हणाली, चोराच्या मनात चांदणं. हिला कोणी सांगितलं?

२३ मार्च, रविवार
ऊन फार होतं म्हणून जिन्याने उतरलो. मावशी एकविसाव्या पायरीपाशी बसून जाड सुईने सिमेंट खरवडत होत्या. तांदळाच्या दाण्याएवढं निळं दिसायला लागलं होतं. म्हणाल्या, मिस्त्री माणूस चांगला हो, असं कसं केलं त्याने? मला तिथून हलवेना. लाजेने अर्धा झालो. सांगून टाकलं, त्याने नाही, मी केलं.
त्यांनी वर पाहिलंही नाही. विचारलं, त्याला सांगितलंत? म्हटलं, नाही अजून. म्हणाल्या, मग इथे काय करताय? आधी तिकडे जा. कप काय, माझ्याच हाताने फुटलाय.

२४ मार्च, संध्याकाळ
मिस्त्रीकडे गेलो. कालच जाणार होतो, पण रविवारी लोक आराम करतात. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी येऊन बघितलं, तुमचा स्पंज कोरडा ठणठणीत होता. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाला, तुम्ही सांगाल म्हणून थांबलो.
माझ्याने त्याच्याकडे बघवेना. म्हटलं, उद्या सकाळी पहिलं काम, डॉक्टरांना भेटतो. म्हणाला, आत्ता घरीच असतात, चला. आणि चपला घातल्या.
वाटेत मनातल्या मनात मुद्दे जुळवले. कडक ऊन. माझं वय. सिमेंटचा दर्जा. रक्तदाबाची नवी गोळी. चांगलं पाच मिनिटांचं निवेदन तयार झालं. डॉक्टरांनी दार उघडलं, विचारलं, काय झालं? मिस्त्री माझ्या शेजारी उभा होता.
मी म्हटलं, मला झोप लागली होती.