भुताला गेलेलं ताईचं हसू

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग दंडवत (पुढचं वाचून तू मारणारच, तेव्हा आधीच आडवा पडलेला बरा). तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे मी आणि बाबा ठणठणीत. त्यांचा चष्मा काल फ्रिजमध्ये सापडला, एवढंच.

तर, ज्या सिनेमाचं ध्वनिमुद्रण मी करत होतो तो एकदाचा लागला. त्यात एका घराला शाप असतो. तिथे जो हसेल त्याचं हसू भूत कायमचं पळवतं आणि स्वतः हसत बसतं. त्यामुळे अख्खं कुटुंब तोंडात रुमाल कोंबून वावरतं, आणि मामा नेमके साबणावरून घसरतात. भुताच्या हसण्यासाठी आम्ही चार जणींना हसवून बघितलं. एकीचं ऐकून दिग्दर्शकाला भूक लागली (आवाज कुकरच्या शिट्टीसारखा, म्हणे). शेवटी वैतागून मी जुनं काहीतरी लावायला गेलो आणि चुकून घरची फाइल लागली. तुझ्या हसण्याची गं! बाबा उलटा शर्ट घालून पाहुण्यांना सोडायला गेले होते, त्या दिवशीची, शेवटी नाकातून फुर्र करणारी. दिग्दर्शक खुर्चीतून उडाला, अंगावर काटा आला म्हणाला. मी तोंड उघडेपर्यंत तू भूत झालेली होतीस.

खरी फजिती पुढेच. बाबांना पहिल्या खेळाला नेलं. सगळं थिएटर किंचाळतंय, शेजारच्या बाईंनी माझ्या दंडात नखं रुतवलीत, आणि बाबा एकटे हसतायत! वर मोठ्यानं, "अरे, ही आपली मोठी!" लोक भुताला सोडून आमच्याकडे बघायला लागले. तेव्हापासून ते रोज दुपारच्या खेळाला जातात. तू हसलीस की उठून घरी येतात (डोअरकीपर त्यांना 'भूतवाले काका' म्हणतो). घरी मी तीच फाइल लावली, तर म्हणाले, "बंद कर. तिथे निदान ती येते असं वाटतं." ताई, चार वर्षं तू 'पुढच्या वर्षी नक्की येते' म्हणतेयस. आपल्या घरात तेव्हापासून कुणी धड हसलेलं नाही. मला तुझी फार आठवण येते गं.

तुझा,
आवाजचोर धाकटा

ता.क. दिग्दर्शक दुसरा भाग काढतोय. त्याला तुझं हसू नव्यानं हवंय, तेही स्टुडिओत येऊन. फोनवरचं चालणार नाही. कधी निघतेस ते कळव.

आणखी ता.क. दुसरा भाग वगैरे काही नाही. सिनेमा शुक्रवारी उतरतोय. शनिवारी दुपारी बाबा चप्पल घालून दारात उभे राहतील, तेव्हा त्यांना कुठे नेऊ, ते तूच सांग.