कोरडा शिधा

माजलगाव,
ता. १४ नोव्हेंबर १९७२

ती. साखराअक्कास,
प्रभू येशूच्या नावाने शांतवनचा सप्रेम सलाम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. पिण्याचं पाणी सिंदफणेच्या पात्रात झिरे खणून आणावं लागतं. मार्था घागर घेऊन आली की ती खाली ठेवते आणि माझ्याकडे नुसती बघत उभी राहते. पाळकाच्या घरात पडल्यावर निदान पाऊस तरी वेळेवर येईल असं तिला वाटलं होतं म्हणे. तुझ्या भावजयीचा स्वभाव तुला ठाऊकच आहे.

चर्चच्या मंडळीचा हंगामाचा सण आम्ही यंदाही केला. करू नये असं काहींचं म्हणणं पडलं, कारण हंगामच नाही तर देवापुढे ठेवायचं काय. मी हट्ट धरला. एरवी कणसांच्या पेंढ्या, भोपळे, कोंबड्या येतात. या खेपेला एकाने ओंजळभर तूर आणली, एकीने बोरं, मार्थाने एक अंडं. त्यावर मी सारफथच्या विधवेचा उपदेश केला. दुष्काळात तिच्या मडक्यात शेवटचं मूठभर पीठ उरलेलं, त्याची भाकर तिने आधी एलीया संदेष्ट्याला दिली, आणि पुढे पाऊस येईपर्यंत ते पीठ काही सरलं नाही. उपदेश चांगला झाला असं सगळे म्हणाले. तू असतीस तर आवाज फार चढवलास म्हणाली असतीस.

सांगताना मला तूच दिसत होतीस. तूही विधवा, तुझ्याही घरी एक कणगी, आणि आई गेल्यावर आपल्या ताटातली अर्धी भाकर माझ्याकडे सरकवणारी तूच. वचन नुसतं ऐकायचं नसतं, तसं वागायचं असतं, हे मला बायबल शाळेत जायच्या आधी तुझ्याकडून कळलं. तुमच्या वाडीची काय हालत आहे ते सविस्तर कळव. खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस, आटायला बाकी पुष्कळ आहे.

तुझा,
शांतवन


वरची वाडी, पो. कडा,
ता. २ डिसेंबर १९७२

चि. शांतवन यास,
अक्काचा प्रभूमध्ये सलाम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कड्याच्या बाजारादिवशी मिळालं. तुझा उपदेश कागदावरूनही मोठ्याने ऐकू आला. मार्थाला म्हणावं, पाळकाच्या बहिणीच्या गावीही पाऊस नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

वाडी रिकामी आहे. दिवाळी झाली तसे सगळे नवरा-बायको ऊस तोडायला नगरकडच्या कारखान्यांवर गेले. मागे म्हातारी माणसं राहिलीत आणि कुत्री. आमच्या बांधापलीकडची छबुबाई तुला आठवत असेल, भारतची आई. आम्ही दोघी एकाच सालात नांदायला आलो आणि लोकांच्या रानात शेजारच्या ओळी खुरपत म्हाताऱ्या झालो. भारत आणि त्याची बायको सुंदरबाई तिला घरी ठेवून गेलेत. कारखान्यावरच्या सोसायटीच्या दुकानात कार्डाशिवाय धान्य मिळत नाही असं मुकादमाने सांगितलं, म्हणून रेशनकार्ड सोबत नेलं. इकडच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो की कार्ड नाही तर मिलोचा, त्या अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीचा, दाणा नाही. त्याचंही त्याच्या जागी खरं आहे. घरात होतं ते छबूने संपवलं आणि मग गप्प बसली. मागायची तिला सवय नाही.

तेव्हा मी माझ्या कणगीतली ज्वारी देते. मला माझ्या कार्डावर मिलो मिळतो तेव्हा मिळतो, मी तो खाते. तुला इथली रीत माहीत आहे. आपल्या हातचं कोरडं धान्य छबूच्या जातीला चालतं, त्याला पाणी लागलं की चालत नाही. रानातही छबू तिची भाकर बाभळीच्या त्या अंगाला बसून खायची आणि मी या अंगाला, आणि मधून आमच्या गप्पा चालायच्या. आता जातं ओढायला तिच्या हातात जोर नाही. मी दळते आणि तिच्या उंबऱ्यावर उभी राहून वरून तिच्या परातीत पीठ ओतते. वरच्या आळीची रुक्मिणीबाई त्यांच्यातलीच आहे, ती येऊन भाकरी थापून देते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी द्यावं की न द्यावं या विचारात होते. पत्र वाचलं आणि विचार संपला. कणगीत हात घालताना आता मी आत बघत नाही. त्या विधवेनेही बघितलं नसेल.

गार पाण्याने आंघोळ करू नकोस, तुझी छाती लहानपणापासून नाजूक आहे. अक्काला विसरू नकोस आणि विसरलास तर मार्थाला तरी लिहायला सांग.

तुझी,
साखराअक्का


माजलगाव,
ता. २० डिसेंबर १९७२

ती. अक्कास,
शांतवनचा व मार्थाचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

नाताळ तोंडावर आला आहे आणि घरात गूळ नाही, तरी मार्था या महिन्यात पहिल्यांदा हसली. कारण तुझं पत्र. मी ते रविवारी उपासनेत साक्ष म्हणून वाचून दाखवलं. छातीचा मजकूर तेवढा गाळला. लोक रडले, अक्का. म्हातारे आसाराम गुरुजी उठून म्हणाले की इतकी वर्षं वचन कानाने ऐकलं, आज त्याचा अर्थ कळला. पुढच्या रविवारी काहींनी शेजाऱ्यांसाठी पसापसा धान्य आणलं. एका बाईच्या विश्वासाने एवढं होतं.

तू आत बघत नाहीस हे फार चांगलं करतेस. असंच चालू ठेव. लोक आता भेटतील तेव्हा विचारतात की अक्काच्या कणगीचं काय. मी सांगतो की सरलेली नाही.

तुझ्या प्रार्थनेत आम्हाला धर, आणि रागावशील तर एकाच पत्रात रागावून मोकळी हो.

तुझा,
शांतवन


वरची वाडी,
ता. ११ जानेवारी १९७३

चि. शांतवन यास आशीर्वाद, मार्थाला सलाम.

रागावले आहे. एकाच पत्रात भागेल असं वाटत नाही. मी तुला लिहिलं होतं, मंडळीला नाही. आता तुझे लोक कणगीची चौकशी करतात म्हणतोस, तर ऐक. त्या कणगीत काय आहे ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. ते बियाणं आहे. हस्ताचा पाऊस झालाच नाही, शाळू पेरताच आला नाही, म्हणून राख आणि लिंबाचा पाला घालून तसंच ठेवलं होतं. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून हेच बी दर साल त्याच रानात पडत आलंय. मी ते पाखडून, राख धुऊन, वाळवून, दळून छबूला घालते आहे. आता हात घातला की बोटांना बूड लागतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. रुक्मिणीबाई उमापूरला लेकीकडे निघून गेली. तिचा तरी काय दोष, तिलाही पोट आहे. त्यांच्यातलं दुसरं कोणी हिंडतंफिरतं इथे राहिलं नाही. छबूला ताप येतो आणि चूल पेटवायला ती उठू शकत नाही. मी परातीत पीठ ओतते, ती तिच्या घागरीतलं पाणी त्यात घालून कच्चंच कालवून खाते. निम्मं अंगावर सांडतं. मी उंबऱ्याबाहेर बसून बघते. आत जाऊन चूल पेटवू का, असं मी रोज विचारते. रोज ती म्हणते की साखरे, तू लई चांगली हायस, पर आता मरताना माझा धर्म नको घालवू.

मला सांग, शास्त्र काय म्हणतं. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करायची म्हणजे तिला जबरदस्तीने भरवायचं, की तिचं ऐकायचं? माझ्या स्वतःच्या बाबतीत असतं तर मी कोणाच्याही हातचं खाल्लं असतं. पण ती मी नाही. मी रोज गुडघे टेकून विचारते आणि उठते तेव्हा उत्तर आलेलं नसतं. तू शिकलेला आहेस, लवकर लिही.

उत्तर पाठवलंस की राग गेला असं समज. त्याआधी नाही.

अक्का


माजलगाव,
ता. २० जानेवारी १९७३

ती. अक्कास,
प्रभूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. अक्का, बियाणं देऊ नकोस. आहे तेवढं आजच्या आज लिंपून ठेव. मी तुला असं करायला सांगितलं नव्हतं. त्या विधवेला संदेष्ट्याच्या तोंडून तसा शब्द मिळाला होता, तो तिच्यापुरता आणि त्या वेळेपुरता होता. प्रत्येक कणगी भरलेली राहील असं वचन देवाने दिलेलं नाही. उपदेशात आपण विश्वासाविषयी बोलतो, धान्याविषयी नाही. हे मी नीट फोड करून सांगायला हवं होतं.

इथल्या सोसायटीत तुझ्यासाठी बियाण्याची विचारणा केली. चेअरमन भला माणूस आहे, पण सभासदांनाच पुरत नाही म्हणाला. कारखान्याच्या पत्त्यावर भारतला पत्र टाकलं आहे. त्याची टोळी कोणत्या फडात आहे कळत नाही, तरी पोहोचेल अशी आशा धरू.

छबुबाईविषयी मी खूप विचार केला. जबरदस्ती करू नकोस असं मला वाटतं. पुन्हा वाटतं की माणूस जात असताना हे काय लिहितो आहे. मार्था म्हणते की सरळ आत जा आणि भाकर कर. मला ठामपणे सांगता येत नाही, अक्का. तू इकडे निघून ये, आम्ही खातो ते तू खा.

तुझ्या रागासकट तुझी वाट पाहतो.

शांतवन


वरची वाडी,
ता. १७ फेब्रुवारी १९७३

चि. शांतवन यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं तेव्हा लिंपून ठेवायला काही उरलं नव्हतं. मिलोही सोसायटीत आला नव्हता, दुकानाला कुलूप होतं. मी दोन दिवस लिंबाचा पाला आणि चिंचोके उकडून खाल्ले आणि छबूला परातीत घालायला काही नाही म्हणून तिच्याकडे गेलेच नाही. तोंड दाखवायला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले.

ती भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिने हाताने आत बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो उंबरा ओलांडला. तिने मला जवळ बसवलं, माझा हात धरला, आणि म्हणाली की साखरे, आता मला तुझ्या हातची एक गरम भाकर करून घाल, धर्माचं मी देवाला सांगते. मला ते ऐकू आलं तरी कळायला वेळ लागला. मग मी आणते म्हणून उठले.

घरी येऊन कणगी आडवी केली. आतलं शेणाचं लिंपण नखाने खरवडलं. राख निघाली, पाल्याचा चुरा निघाला, आणि किडके दाणे निघाले ते एका हाताच्या तळव्यावर मावले. ते दळले तर जात्याच्या पाळीला नुसता पांढरा डाग लागला. वाडीत प्रत्येक दारी गेले. आमच्या वस्तीत गेले. कोणी नाही म्हणालं नाही, सगळ्यांनी आपली मडकी दाखवली. कड्याच्या वाटेला लागले, पण पायात बळ नव्हतं, निम्म्यातून परत आले.

तिला सांगितलं की उद्या करते. ती म्हणाली की चालेल. मग थोड्या वेळाने म्हणाली की म्यां सांगायला उशीर केला, तुझा काय दोष न्हाई. पहाटे गेली.

शांतवन, तू लिहितोस की ते वचन त्या विधवेपुरतं होतं. मग आम्हाला कशाला वाचून दाखवलंस? आम्ही त्या विधवा नव्हतो हे तुला माहीत होतं. वचन खोटं आहे असं मी म्हणत नाही. मला ते म्हणता यायचं नाही, मी दुसरं काही शिकलेच नाही. पण कणगी मी माझ्या हाताने उपडी केली आहे. पीठ होतं तोवर ती घेईना, आणि ती तयार झाली तेव्हा पीठ नव्हतं. एवढा मेळ बसवणं देवाला अवघड होतं का, हे मी विचारते आणि लगेच क्षमा मागते. दोन्ही रोज करते. पाऊस आला तरी मला पेरायला काही नाही, आणि खरं सांगायचं तर पेरावं असं मनातही नाही.

भारत बायकोला घेऊन दिवस करायला आला. तुझं पत्र त्याला मिळालंच नव्हतं, ट्रकवाल्याकडून निरोप गेला. दहावा झाल्यावर तो माझ्या अंगणात आला आणि खाली बघत विचारलं की मावशी, आईने तुझ्या हातचं काही खाल्लं का. मी म्हटलं, नाही. ते खरं होतं. तिने मागितली होती हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने वाकून जमिनीला हात लावला आणि म्हणाला की मावशी, तू माझ्या आईला शेवटपर्यंत बाटू दिलं न्हाईस, हे उपकार मी जन्मभर विसरणार न्हाई. जाताना सुंदरबाईने ओसरीवर ज्वारीचा पसा ठेवला. कोरडी, निवडलेली, कारखान्यावरून आणलेली.

ती तशीच ठेवली आहे. मला दळवत नाही.

मी तिकडे येणार नाही. मार्थाला सांग की तिचं बरोबर होतं. हे पत्र मंडळीत वाचू नकोस, आणि कणगीचं कोणी विचारलं तर जे आहे ते सांग. माया आहे तशी ठेव. वचनाविषयी काही लिहिणार असशील तर मात्र थोडे दिवस थांब.

तुझी,
साखराअक्का