मोरीच्या दाराबाहेरची पाच मिनिटं

बाबा, आज सकाळी आपल्या मोरीच्या दाराबाहेर मी पाच मिनिटं उभा होतो आणि ती पाचही मिनिटं मला तुमचा राग येत होता. आत तुमची सून होती. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, आमचं लग्न तुमच्यामागे झालं. तिची पाळी बारा दिवस लांबली, म्हणून काल मी घरी तपासायचं किट आणलं. आपल्या गल्लीतल्या मेडिकलमधून नाही, चालत पलीकडच्या निजामपुरा मोहल्ल्यात जाऊन. दुकानदाराने ते वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि म्हणाला, "पसीना क्यों छूट रहा है भाई, टेस्ट तेरी थोड़ी है." घरी येऊन आतला कागद मी तीनदा वाचला. सकाळची पहिली लघवी, तीन थेंब, पाच मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर काही नाही, दोन आल्या तर दिवस गेले. हे मी तिला इतक्यांदा सांगितलं की ती म्हणाली, "तुम्हीच जाता का आत?"

तुम्हाला तर किटही लागलं नव्हतं. आईने स्वतः तुम्हाला सांगितलं होतं. मी तेव्हा नववीत होतो, ताईचं लग्न ठरलेलं होतं आणि आई चाळिशीची. तुम्ही तिला म्हणालात, "पोरीच्या लग्नात आई पोटुशी, लोकं काय बोलतील? कुणाला कळता कामा न्हाय." हे आईने मला तुमचं दहावं झाल्यावर सांगितलं. चाळीत कोण बाई चार दिवस बाजूला बसली आणि कोण नाही, हे नळावर सगळ्यांना कळतं. म्हणून पाळी नसताना दर महिन्याला तुम्ही तिला दारात गोणपाटावर बसवलंत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. मी भाकऱ्या थापतो आहे, तिचं ताट लांबून सरकवतो आहे, ती माझ्याकडे बघत नाही. मला वाटायचं, ही रीतच आहे. चार दिवस संपले की ती पुन्हा यंत्रमाग कारखान्यातल्या कांडी मशिनवर, सूत भरत, पोती ओढत. डॉक्टरकडे नेलं तर चार लोकांना कळलं असतं, म्हणून डॉक्टर नाही. पाचव्या महिन्यात मशिनपाशीच तिला रक्त जायला लागलं. रिक्षात मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसलो होतो. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कितवा महिना?" आणि तुम्ही म्हणालात, "मला काय म्हाईत न्हाय." आई शुद्धीत होती, बाबा. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मूल गेलं. तिची कंबर पुन्हा सरळ झाली नाही, म्हणून मशिनवर मी बसलो आणि शाळा नववीतच राहिली. ताईचं लग्न मात्र ठरल्या दिवशी झालं. तुम्ही फेटा बांधून पंगतीत आग्रह करत फिरत होतात. त्या फेट्याचा रंग अजून माझ्या डोळ्यांत खुपतो.

पाच मिनिटांनी दार उघडलं. दोन रेघा होत्या, दुसरी पहिलीइतकीच गडद. मी ते किट खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिलं. तुमची सून वळ गावातल्या गोदामात पॅकिंगला आहे, दिवसभर खोकी उचलते. ती हसत म्हणाली, "आज सुपरवायझरला सांगते, मला लेबलवर बसवा. खोकी उचलणार न्हाय आता."

मी म्हणालो, "एवढ्यात कुणाला सांगू नको. तो तुला घरीच बसवेल. आणि या महिन्यात चार दिवस बस बाजूला, म्हणजे चाळीतपण कोण विचारणार न्हाय."

ओट्यापाशी आईचा हात पिठातच थांबला. "काय बोललास?"

"काय न्हाय."

मग हात न धुताच दारामागचं गोणपाट उचलून आईने मोरीपाशी पाय पुसायला टाकलं, आणि बाहेर नळावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सूनबाई, आजपासून तू हंडा उचलायचा न्हाय. दिवस गेलेत तुला." बाहेरून कोणीतरी लगेच विचारलं, "काय गं, आजी झालीस काय?" "झाले तर," आई म्हणाली, "तुझ्या पोटात का दुखतंय?" तुमच्या सुनेने डबा भरला आणि ती ड्युटीवर गेली. आज ती सुपरवायझरला सांगणार आहे.

मी सुट्टी टाकून हे लिहीत बसलो आहे. तुम्हाला खडसावायचं म्हणून वही उघडली होती. लिहून झालं की पान घडी घालून किटच्या कागदाबरोबर पेटीत ठेवीन. एक गोष्ट मात्र आईला सांगितली नाही, तुमच्या सुनेलाही नाही. "कुणाला सांगू नको" हे वाक्य माझ्या तोंडून चुकून निघालं नव्हतं. काल गल्लीतलं मेडिकल सोडून पुढे चालायला लागलो, तेव्हापासूनच ते मनात तयार होतं.