क्रांतीच्या बाळाचा पाळणा आणि माझी नऊ हत्यारं

कोल्हापूर, मंगळवार

दोस्त पिराजी सुतार, मुक्काम मलकापूर, यास सयाजी मास्तरचा रामराम.

वहिनींना नमस्कार. तुझा गुडघा कुरकुरायचा थांबला असेल आणि म्हैस सुखरूप व्याली असेल, असं मीच धरून चालतो, कारण तू फोन उचलत नाहीस. परवा हातकणंगल्याच्या लग्नात मला बघून तू मांडवाच्या खांबाआड गेलास. लेका, शंभर किलोचा गडी तू, वीतभर खांबाआड मावतोस होय? पण तुझा राग रास्त आहे. आमच्या क्रांतीच्या डोहाळजेवणात तू सगळ्यांदेखत सांगितलं होतंस, की पोरीच्या बाळाचा पाळणा मी करणार. आणि मी मोबाईलवर बोट दाबून खोक्यातला, सुट्या फळ्यांचा, घरी जोडायचा पाळणा मागवला. चूक माझी. (निम्मी जावयाची. फोटो त्यानं दाखवला.)

तर खोकं आलं. आत अकरा फळ्या, पिशवीभर स्क्रू, बोटाएवढी एक वाकडी किल्ली आणि चित्रांचा कागद. कागदावर अक्षर एक नाही, नुसता एक टकल्या, सारखा हसणारा. बत्तीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाला हा टकल्या काय शिकवणार, म्हणून कागद बाजूला सारला. त्या किल्लीनं पहिला स्क्रू बसवायला अर्धा तास गेला आणि बोटाला फोड आली, तेव्हा लक्षात आलं की दोष माझ्यात नाही, हत्यारात आहे. (नाचता येईना अंगण वाकडं, असं आमची ही स्वयंपाकघरातून कुणाला म्हणाली, ते कळलं नाही.)

तसाच लक्ष्मीपुरीत हत्यारांच्या दुकानात गेलो. दुकानदार बिचारा भला माणूस. म्हणाला, "पावणं, एवढ्याला बॅटरीवरचा बारका स्क्रूड्रायव्हर बास हाय की! आदी सगळं स्क्रू सैल लावा, चौकट काटकोनात आली का मगच आवळा." म्हणजे काटकोन हा मला सांगणार! मी त्याच्या नाकासमोर भिंत फोडायचं सगळ्यात मोठं ड्रिल उचललं. शिवाय रबरी हातोडा, दोन पान्हे, पक्कड, पाणसळ, कानस, शिकंजा आणि डोक्याला बांधायची बॅटरी. (पाळण्याला कानस कशाला, ते विचारू नकोस. हातात घेतल्यावर बरं वाटलं.)

घरी येऊन ड्रिल लावलं आणि दाबला खटका. पिराजी, काय मज्जा आली म्हणून सांगू! अर्ध्या तासाला एक जाणारा स्क्रू डोळ्याचं पातं लवतंय तोवर आत गेला, आणि पलीकडून बाहेरही आला. ती फळी लाकडाची नव्हतीच रं, भुसा दाबून केलेली. चार भोकं होईपर्यंत मला कळलं नाही, आणि कळल्यावर थांबवलं नाही. सगळे आटे गेले. मग भोकांत काड्यापेटीच्या काड्या कोंबल्या, गोंद ओतला, वरून हातोडा घातला, आणि दुपारपर्यंत पाळणा उभा केला. किंचित सांगलीकडं झुकलेला, पण उभा.

इथंच गप्प बसलो असतो तर झाकली मूठ राहिली असती. पण क्रांतीला झोका देऊन दाखवायची मला हौस. आता रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं, आणि बाळ घालायची माझी छाती होईना. म्हटलं, बारशाला पाळण्यात आधी वरवंटाच घालतात की, तो आजच घालू. सासूबाईंचा चार किलोचा वरवंटा, त्याला अंगडं चढवलं, टोपडं बांधलं, निजवला आणि दोरी ओढली. पहिला झोका झकास गेला. दुसऱ्याला पाळण्याचं बूड सुटलं, आणि वरवंटा टोपड्यासकट माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर उतरला. मी जी बोंब ठोकली ती जयसिंगपुरात ऐकू गेली असेल. ही पदर तोंडाला लावून हसत होती. क्रांती मात्र हसली नाही. बाळाला छातीशी घट्ट धरून ती त्या भगदाडाकडं बघत राहिली, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वरवंट्याच्या जागी नातू असता तर? तेव्हा तुझी फार आठवण आली, लेका. तुझ्या हातचा पाळणा असता तर मी डोळे मिटून नातवाला त्यात घातला असता. हे मी तुला तोंडावर कधी म्हणालो नसतो, म्हणून कागदावर म्हणतो.

बाकी इकडं सगळं बरं. अंगठा काळानिळा, अक्कल ठिकाणावर.

तुझाच,
सयाजी

ता. क. : पत्रास कारण एवढंच, की अशा कामाला नेमकं कुठलं हत्यार घ्यावं, तेवढं सवडीनं कळव.

आणखी ता. क. : ते नाही कळवलंस तरी चालेल. बारसं येत्या रविवारी आहे. पाळणा पिराजीकाका घेऊन येतोय, असं मी क्रांतीला कालच सांगून बसलोय. तेव्हा कुठं पोरगी धड जेवली. पत्र मलकापूरच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतोय, म्हणजे मिळालं नाही म्हणायला तुला जागा नको.

शेवटचा ता. क. : एवढं करूनही आला नाहीस, तर बाळाला मी मांडीवर घेईन, हाच पाळणा सुतळीनं आवळून दारात मांडीन, आणि येईल त्या पावण्याला हौसेनं सांगीन, "मलकापूरच्या पिराजी सुताराचं काम हाय हे!"